वाटी, किलो आणि नफा: भाताचं माप एकदाच नीट बसवा



आज एक साधा प्रश्न. तुमच्या एका डब्यात जो भात जातो, त्यासाठी कच्चा तांदूळ किती ग्रॅम लागतो?

"अंदाजे एक मूठ", "अर्धी वाटी", "आमच्या मावशींना माहिती आहे" ही उत्तरं घरासाठी ठीक आहेत, धंद्यासाठी नाहीत. कारण ज्या वस्तूचं माप तुम्हाला सांगता येत नाही, तिची किंमतही तुम्हाला सांगता येत नाही. आणि किंमत माहीत नसताना आपण दर ठरवतो, तो शेजारच्या पोळी-भाजी केंद्राचा फळा बघून ठरवतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात खाद्यपदार्थांच्या घरगुती व्यवसायाला तोटा नाही. सकाळी लोकलला पळणारी माणसं, संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना पोळी-भाजी आणि वरण-भात घेऊन जाणारी जोडपी, डोंबिवली एमआयडीसी आणि वागळे इस्टेटमधले दुपारचे डबे, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधले वाढदिवस. गिऱ्हाईक आहे, चवही तुमच्या हाताला आहे. मग महिनाअखेरीला हातात काही उरत का नाही? त्याची बरीच कारणं असतात. त्यातलं एक रोज तुमच्या डोळ्यांसमोर पातेल्यात शिजतं. पोळ्या आपण मोजून देतो, भाजी डावाने मोजून देतो, भात मात्र "हाताने" होतो.

चला, आज हा भात मोजायला शिकूया. पेन आणि वही घ्या.

तीन भाषांचा गोंधळ

तांदूळ तुमच्या धंद्यात तीन वेळा भाषा बदलतो.

दुकानदार किलोत बोलतो. जांभळी नाक्यावरून घ्या, कल्याणच्या बाजार समितीतून घ्या, नाहीतर वाशीच्या दाणाबाजारातून आणा, बिल येतं ते किलोचं.

रेसिपी वाटीत बोलते. "एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी" हे आईने शिकवलं, आईला आजीने शिकवलं.

गिऱ्हाईक ताटात बोलतं. "३० माणसांना पुरेल ना?" त्याला ग्रॅमशी घेणं नाही आणि वाटीशीही नाही.

आता गंमत बघा. खर्च होतो किलोत, काम होतं वाटीत आणि पैसे मिळतात माणशी. या तिन्ही भाषा एकमेकींत बदलता आल्या नाहीत, तर नफा कुठे गळतो ते कधीच कळत नाही. आपल्याला एवढंच भाषांतर शिकायचं आहे. यात चौथीच्या पलीकडचं गणित नाही.

वाटी म्हणजे नक्की किती?

तुमच्या मांडणीवरच्या चार वाट्या खाली काढा. आमटीची वाटी वेगळी, खिरीची वेगळी, लग्नात आहेर म्हणून आलेली वेगळी. कुणात १०० मिली पाणी मावतं, कुणात १५०, कुणात २०० सुद्धा. "वाटी" हे भांड्याचं नाव आहे, मापाचं नाही.

कपाचंही तेच. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा आणि जपानी पद्धतीच्या राईस कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीचा, ज्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. मोबाइलवर परदेशी रेसिपी बघून कुकरच्या कपाने मोजलंत, तर तिथेच पाव हिस्सा घोळ झाला.

आणि एकाच वाटीने मोजलं तरी घोळ संपत नाही. वाटी सपाट भरली की शीग लावून? शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा डोंगर. "शिगेला पोहोचणं" हा शब्दप्रयोग आपण तिथूनच घेतला. १५० मिलीच्या वाटीत कोलम तांदूळ सपाट भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो. तीच वाटी शीग लावून भरली तर १४० ते १४५ ग्रॅमपर्यंत सहज जाते. वाटी तीच, हात बदलला आणि तांदूळ २० टक्के वाढला.

शेर-पायलीने शिकवलेला धडा

हा गोंधळ आजचा नाही. आपल्याकडे पूर्वी धान्य खळ्यावर मापानेच मोजत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. "पायलीचे पन्नास" हे आपण अजूनही म्हणतो. नवी नवरी उंबरठ्यावर माप ओलांडून घरात येते, तेही धान्याचं मापच.

पण अडचण काय होती? शेर दोन प्रकारचे होते. एक वजनाचा शेर, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबात साधारण ९३३ ग्रॅम. दुसरा मापाचा शेर, म्हणजे भांडं. नाव एक, वस्तू दोन. त्यात गावागावाचा शेर वेगळा. म्हणूनच १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम देशभर आला. बाजार तेव्हा किलोवर गेला. आपलं स्वयंपाकघर मात्र अजून वाटीवर आहे. घरापुरतं ते चाललं. आता त्याच स्वयंपाकघरात तुम्ही धंदा मांडलाय, म्हणून तुमच्या ओट्यालाही किलोग्रॅमची सवय लावावी लागेल.

एक लिटर डब्यात किती तांदूळ बसतो?

पाण्याचं सोपं आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तांदळाचं तसं नाही, कारण दाण्यांच्या मध्ये हवा असते. दाणा लांब असेल तर फटी जास्त, आखूड गोल असेल तर दाणे जवळ बसतात. म्हणून वेगवेगळ्या तांदळाचं एक लिटरचं वजन वेगळं येतं. एक लिटरचा डबा सपाट भरला तर साधारण असं बसतं:

- लांब दाण्याचा बासमती: ७५० ते ८०० ग्रॅम
- कोलम: ८०० ते ८५० ग्रॅम
- आंबेमोहर, इंद्रायणी यांसारखा आखूड दाणा: ८२० ते ८६० ग्रॅम
- तांदळाचं पीठ: ५५० ते ६५० ग्रॅम (चाळून मोकळं भरलं तर कमी, ठोकून भरलं तर जास्त)
- जाडे पोहे: तांदळाच्या निम्म्याच्या आसपास
- कुरमुरे: जेमतेम १०० ग्रॅम

सगळी धान्याचीच जात, सगळी तांदळापासूनची, पण डबा तोच असून वजनात किती फरक! म्हणून "एक किलोला पाच वाट्या" असं एकच सूत्र सगळ्याला लावू नका.

लक्षात ठेवायला एक मधला आकडा सांगतो: १ लिटर तांदूळ म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. म्हणजेच १ किलो तांदूळ म्हणजे साधारण सव्वा लिटर माप. मापावरून वजन काढायचं असेल तर ०.८ ने गुणा. वजनावरून माप काढायचं असेल तर ०.८ ने भागा. हा झाला कामचलाऊ आकडा. तुमच्या तांदळाचा पक्का आकडा तुम्हीच काढायचा, तो कसा ते पुढे येतंय.

पाण्याचा सापळा

आता नीट लक्ष द्या, कारण ऑर्डर मोठी झाली की घोटाळा इथेच होतो.

घरी तुम्ही "एकास दोन" पाणी घालता. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. हे प्रमाण मापाचं आहे. मग मोठी ऑर्डर येते. तुम्ही हुशारीने वजनकाटा आणता, पाच किलो तांदूळ मोजता आणि "एकास दोन" म्हणून दहा लिटर पाणी घालता. भात दडदडीत राहतो. तुम्हाला वाटतं, तांदूळ खराब निघाला.

तांदूळ खराब नव्हता. पाच किलो तांदळाचं माप साधारण सव्वासहा लिटर भरतं. त्याच्या दुप्पट म्हणजे साडेबारा लिटर. तुम्ही अडीच लिटर पाणी कमी घातलंत. मापातलं "एकास दोन" वजनात गेलं की "एकास अडीच" होतं.

मग पाच किलोला सरळ साडेबारा लिटर घालायचं का? तेही नाही. कारण पाणी दोन ठिकाणी जातं. काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. तांदूळ जेवढा वाढेल तेवढं पिणारं पाणी त्याच प्रमाणात वाढतं. वाफ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, ती भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि शिजायला लागलेल्या वेळावर ठरते.

उदाहरण घेऊ. समजा तुम्ही घरी झाकण ठेवून अर्धा किलो कोलम शिजवलात. तांदूळ ५०० ग्रॅम, पाणी १,१५० ग्रॅम, एकूण १,६५० ग्रॅम. तयार भात भरला १,४०० ग्रॅम. म्हणजे २५० ग्रॅम वाफ उडाली आणि ९०० ग्रॅम पाणी तांदळाने प्यायलं. तांदळाच्या वजनाच्या १.८ पट.

आता पाच किलो करायचा आहे. तांदूळ पिणार पाच गुणिले १.८, म्हणजे ९ लिटर. ते द्यावंच लागणार. वाफ मात्र दहापट होणार नाही. मोठं पातेलं, नीट बसणारं झाकण असेल तर समजा एक लिटर. म्हणजे एकूण १० लिटर पाणी. घरचं प्रमाण दहापट केलं असतं तर साडेअकरा लिटर झालं असतं आणि मसालेभाताचा गोळा झाला असता.

बघा, दहाच लिटर आलं! मग पहिल्या गोष्टीत दहा लिटरला भात दडदडीत का राहिला? कारण त्यांच्या घरचा भात मऊ होता, एकास दोनाचा. आपण उदाहरण घेतलं ते मोकळ्या भाताचं, जिथे मापात एकास दोनपेक्षा थोडं कमीच पाणी होतं. म्हणजे दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही. आपल्या तांदळाचा, आपल्या हातच्या भाताचा, आपल्या पातेल्याचा आकडा काढायचा.

मोठ्या ऑर्डरचं सूत्र वहीत लिहा:

पाणी = (तांदळाचं वजन × तुमच्या तांदळाची पिण्याची पट) + त्या पातेल्याची वाफ

कुकरच्या डब्यात भात लावत असाल तर वाफ फारशी उडत नाही. आणि कुकरच्या तळाशी घातलेलं पाणी या हिशोबात धरू नका.

आणखी दोन सूचना. एक, तांदूळ कोरडा मोजा. अर्धा तास भिजवून निथळलेला तांदूळ वजनाने पाव पट किंवा त्याहून थोडा जास्त वाढलेला असतो. तो काट्यावर ठेवून "एक किलो" म्हणालात, तर खरा तांदूळ ८०० ग्रॅमच आहे. दोन, नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त पितो आणि जास्त फुलतोही. दिवाळीच्या सुमाराला नवा तांदूळ बाजारात येतो, तेव्हा "अचानक भात चिकट व्हायला लागला" अशी तक्रार असेल तर आधी पोत्यातला तांदूळ नवा की जुना ते विचारा.

उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. "एक वाटी पिठी, एक वाटी पाणी" हेसुद्धा मापाचंच प्रमाण आहे. पिठी हलकी असते. एक किलो पिठीचं माप दीड लिटरच्या वर भरतं. एक किलो पिठीला एक लिटर पाणी घातलंत तर उकड कोरडी होणार, पाऱ्या फुटणार आणि गणेश चतुर्थीच्या सकाळी ते दुरुस्त करायला वेळ नसणार.

डब्यातल्या भाताची खरी किंमत

आता धंद्याचा हिशोब. समजा तुमचे ६० डबे आहेत. प्रत्येक डब्यात शिजलेला भात १५० ग्रॅम. एकूण ९ किलो भात. तुमचा तांदूळ शिजून २.८ पट होतो. ९ भागिले २.८, म्हणजे साधारण ३.२ किलो कच्चा तांदूळ. तांदूळ ६० रुपये किलो धरला तर १९२ रुपये, म्हणजे एका डब्याला साधारण ३ रुपये २० पैसे.

"एवढंच? मग कशाला डोकं लावायचं?" असं वाटलं ना? थांबा.

हेच ३.२ किलो तुमच्या १५० मिलीच्या वाटीने मोजायचे झाले तर सपाट २७ वाट्या होतात. आता मोजणाऱ्या हाताने प्रत्येक वाटीला शीग लावली. २७ गुणिले १४५ ग्रॅम, म्हणजे ३.९ किलोच्या वर. रोज ६७५ ग्रॅम तांदूळ जास्त. शिजल्यावर तो होतो १.९ किलो भात, म्हणजे बारा डब्यांचा भात रोज उरतो किंवा साठ डब्यांत गुपचूप वाटला जातो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १७ किलो तांदूळ, एक हजार रुपये. वर्षाला बारा हजार. हा फक्त तांदूळ झाला, गॅस वेगळा.

उरलेला भात "उद्या फोडणीला" असंही म्हणू नका. शिजलेला भात बाहेर कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यातल्या काहींनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. घरच्यांना बाधलं तर घरात राहतं, गिऱ्हाईकाला बाधलं तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातं. गरम भात ६० अंशांच्या वर ठेवा किंवा लवकर थंड करून फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवा. तिसरा मार्ग म्हणजे जास्त शिजवूच नका.

आणि कमी पडला तर? पन्नास डबे भरले आणि टोप रिकामा. दुपारचे साडेबारा वाजलेत, डबे पोहोचवणारा मुलगा खाली हॉर्न वाजवतोय. त्या दहा डब्यांचे पैसे परत करता येतील, पण "आज भातच नव्हता" हे वाक्य परत घेता येत नाही.

एक सोपी तपासणी सांगतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला, त्यानंतर बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसायला लागली. तुमच्याकडे २६ किलोचं पोतं असेल तर रोज ३.२ किलोने ते आठ दिवस चाललं पाहिजे. सातव्या दिवशी तळ दिसला, तर कुणीतरी शीग लावतंय. पोत्यावर उघडल्याची तारीख लिहा. एवढ्या एका सवयीने पोतं स्वतःच तुम्हाला हिशोब देईल.

तुमच्या ओट्यावरची अर्ध्या तासाची चाचणी

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. मग हे क्रमाने करा.

१. वाटीचं माप काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. समजा १५० आले.

२. तांदळाचं वजन काढा. वाटी कोरडी करा, तांदूळ भरा, सुरीच्या पाठीने काठ सपाट करा, वजन करा. असं पाच वेळा करा आणि सरासरी काढा. समजा १२१ ग्रॅम.

३. भागाकार करा. १२१ भागिले १५० म्हणजे ०.८१. हा तुमच्या तांदळाचा आकडा. पोत्यावर मार्करने लिहा.

४. शिजवून बघा. ५०० ग्रॅम तांदूळ, मोजलेलं पाणी. रिकाम्या भांड्याचं वजन आधीच लिहून ठेवा. भात झाल्यावर भांड्यासकट वजन करा, भांडं वजा करा, ५०० ने भागा. मोकळा भात साधारण अडीच पट, मऊ भात तीन पट किंवा थोडा वर येतो. तुमचा नेमका आकडा लिहा.

५. वाढण्याचं माप ठरवा. तुमचं ओगराळं किंवा मूद पाडायची वाटी घ्या, भात भरा, वजन करा. १५० ग्रॅम हवा असेल तर बरोबर तेवढा भरणारी वाटी शोधा आणि ती फक्त त्याच कामाला ठेवा. लग्नाच्या पंगतीत मूद पाडतात ती शोभेसाठी, पण तुमच्या धंद्यात मूद म्हणजे ठरलेलं माप.

"शितावरून भाताची परीक्षा" हे भात शिजला की नाही ते बघायला चालतं. पण भात किती झाला हे शितावरून कळत नाही, त्याला काटाच लागतो. आणि नवीन पोतं उघडलं की ही चाचणी पुन्हा करायची, दुकान तेच असलं तरी.

तांदळाची जात बदलली तर नक्कीच करा. आपल्या भागातला वाडा कोलम २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसलाय. तो वापरून तुम्ही "वाडा कोलमचा भात" म्हणून दोन रुपये जास्त घेऊ शकता. पण तो महाग आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक ग्रॅम मोजायला हवा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली इंद्रायणी चवीला सुंदर, पण चिकट. गरम वरण-भाताला उत्तम. दुपारी एकला उघडायच्या डब्यात तिचा गोळा होतो. तिला पाण्याची पटही कमी लागते.

३० जणांची ऑर्डर आली, आता काय?

व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "रविवारी ३० माणसं, मसालेभात, किती घ्याल?" लगेच आकडा पाठवू नका. पाच मिनिटं घ्या.

आधी विचारा, सोबत काय आहे? पोळी, भाजी, गोड असेल तर माणशी ६० ते ८० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. फक्त मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी असेल तर १०० ते १२५ ग्रॅम धरा. लहान मुलं किती, तेही विचारा.

समजा ८० ग्रॅम ठरलं. ३० गुणिले ८० म्हणजे २.४ किलो तांदूळ. मापात तो ३ लिटर. शिजल्यावर २.७ पटीने साधारण साडेसहा किलो भात, वर तोंडली, काजू, मसाला, खोबरं.

आता पातेलं. शिजलेला भात फुललेला असतो. एक किलो कच्च्या तांदळाचा भात साधारण चार लिटर जागा घेतो. २.४ किलोचा साडेनऊ-दहा लिटर. त्यात भाजी आणि हलवायला जागा हवी, म्हणजे १४-१५ लिटरचं पातेलं पाहिजे. ते घरात नसेल तर भाड्याने आणा आणि ते भाडं दरात धरा. पातेलं लहान पडलं म्हणून दोन घाण्यांत केलेला भात दोन चवींचा होतो.

मगच दर सांगा. असा हिशोब करून सांगितलेला दर तुम्ही ठामपणे सांगता. गिऱ्हाईक "थोडं कमी करा" म्हणालं तर कुठे कमी करता येईल आणि कुठे नाही, हे तुम्हाला माहीत असतं.

हिशोब वजनात, काम मापात

आता तुम्ही म्हणाल, सकाळी सहा वाजता, चार शेगड्या पेटलेल्या असताना, रोज काट्यावर तांदूळ कोण मोजणार? बरोबर आहे. रोज मोजायचा नाहीच.

वजन करायचं एकदा, पोतं उघडल्यावर. मग एक स्टीलचा डबा असा निवडा की ज्यात तुमचा तांदूळ सपाट भरल्यावर बरोबर एक किलो बसतो. सव्वा लिटरच्या आसपासचा डबा लागेल. थोडा मोठा असेल तर आतून खूण करून घ्या. पाण्यासाठीही एक भांडं ठरवा आणि त्यावर खूण करा. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावा: "तांदूळ ३ डबे + २०० ग्रॅमची वाटी १, पाणी इतकं, सपाट भरा, शीग नको." काट्याची अचूकता आली आणि वाटीचा वेगही राहिला.

याचा खरा फायदा कधी कळतो? गणपतीला मावशी आठ दिवस कोकणात गावी जातात तेव्हा. त्यांच्या हाताला सगळं माप ठाऊक होतं, तुमच्या वहीत काहीच नव्हतं. मग बदलीची बाई येते, भात कधी कच्चा, कधी गिच्च, आणि नेहमीचे डबेवाले ग्राहक "काय हो, चव बदलली" म्हणतात. त्या मावशींचा अनुभव मोलाचाच आहे. म्हणून त्यांना सोबत घेऊनच चाचणी करा. "मावशी, तुम्ही नेहमी घेता तसा तांदूळ घ्या" म्हणा आणि तो काट्यावर ठेवून लिहून घ्या. त्यांचा हात वहीत उतरवा आणि खाली त्यांचं नावही लिहा. त्यांनाही बरं वाटेल, आणि माप तुमच्या धंद्याचं होईल. दुसरी शाखा टाकायची स्वप्नं आपण बघतो ना? हाताची शाखा निघत नाही. वहीची निघते.

विकताना कायदाही बघा

पुलाव, मसालेभात किलोवर विकत असाल, तर स्वयंपाकघरातला साधा काटा विक्रीसाठी चालत नाही. वैध मापन शास्त्र कायदा २००९ नुसार व्यापारात वापरायचा काटा पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. मोदकाची पिठी, भाजणी, इडलीचं पीठ पाकिटात विकत असाल तर पाकिटावर "तीन वाट्या" चालणार नाही, निव्वळ वजन ग्रॅममध्ये किंवा किलोत छापावं लागेल. एफएसएसएआयची नोंदणी तर घरगुती व्यवसायालाही लागतेच. हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजू नका. ज्याच्या पाकिटावर नीट वजन छापलेलं असतं, त्याच्याकडून दुकानदार माल घ्यायला तयार होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

नुसतं वाचून ठेवू नका. येत्या रविवारी अर्धा तास काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर हे पाच आकडे लिहा:

१. माझी वाटी किती मिलीची?
२. माझ्या तांदळाची सपाट वाटी किती ग्रॅमची?
३. माझा तांदूळ शिजून किती पट होतो?
४. माझ्या एका डब्यात किती ग्रॅम भात जातो?
५. म्हणजे माझ्या एका डब्यातला तांदूळ किती रुपयांचा?

हे पाच आकडे आले की डाळ, रवा, कणीक, तेल यांचे आकडे त्याच पद्धतीने काढा. महिनाभरात तुमच्या सगळ्या मेन्यूची खरी किंमत तुमच्या हातात असेल. मग दर वाढवायचा की नाही, मोठी ऑर्डर घ्यायची की नाही, मदतीला माणूस ठेवायचा की नाही, हे निर्णय तुम्ही घ्याल, शेजारच्या फळ्यावरचे दर नाही घेणार.

चव तुमच्याकडे आहेच, मेहनतही आहे. आता माप बसवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा, वाढत राहा!